पंपाचा हेवा

चेअरमनसाहेबांनी माझ्या खांद्यावरची शाल काढली आणि झटकली.

एकदा झटकली असती तर मी काही म्हटलं नसतं. नव्या कापडाची घडी मोडायला माणूस झटकतोच. पण त्यांनी दोनदा झटकली. दुसऱ्यांदा जरा लांब धरून, तोंड बाजूला फिरवून. अंथरुणावर मुंग्या चढल्या की बायका चादर झटकतात, तशी. मग ती शाल ठेकेदाराच्या खांद्यावर घातली आणि टाळ्या झाल्या.

टाळ्या मीपण वाजवल्या. हातात ताट आहे याचं भान राहिलं नाही. ताट तिरकं झालं, नारळ सुटला आणि गडगडत पहिल्या रांगेतल्या बायकांच्या पायाशी जाऊन थांबला. तिथून हसू सुरू झालं ते पार मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं. लाइनीतलं पाणी जवळच्या घराला आधी पोचतं, टोकाच्या घराला शेवटी, तसं. ते टोकाचं हसू मला अजून ऐकू येतं.

आता तुम्ही विचाराल, ठेकेदाराची शाल तुझ्या खांद्यावर आलीच कशी? मी घातली. माझ्या हातानं.

सांगतो.

मी चावीवाला. बाहेरच्या माणसाला वाटेल, कुलपं दुरुस्त करत असेल. सोलापुरात हे सांगावं लागत नाही. इथं पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं. रस्त्याच्या कडेला जमिनीत चौकोनी खड्डा बांधलेला असतो, त्याला चेंबर म्हणायचं. वर लोखंडी झाकण, आत पाइपावर व्हॉल्व्ह. माझ्याकडं माझ्या छातीएवढी उंच लोखंडी चावी, तिला वर आडवा दांडा. ती वरनं व्हॉल्व्हवर बसवायची आणि घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं. पाणी सुटतं. पाळी संपली की उलटं फिरायचं. पाणी बंद. मी ठेकेदाराच्या हाताखाली. त्याला आम्ही मालक म्हणतो.

पाणी आलं की लोक म्हणतात, पाणी आलं. नाही आलं की म्हणतात, चावीवाला मेला का? आमची आठवण निघते ती अशी. मरणाच्या चौकशीपुरती.

मूळ गाव मैंदर्गीच्या पलीकडं. आई कानडीत बोलायची. कुणी मोठ्या घरचा काही बोलला आणि मी तोंड उघडायला लागलो की मांडीला चिमटा काढून म्हणायची, "सुम्नीर." गप बस. शाळेत जायच्या आधी मी शिकलेला धडा हाच. शाळेतलं सगळं विसरलो, हे नाही विसरलो.

आणि दुसरा माझा गुण म्हणजे मी मुळातला जळका माणूस. दुसऱ्याचं बघितलं की माझ्या पोटात दुखतं. त्या कॉलनीत तर पावलापावलाला दुखायचं. हद्दवाढ भागातली बंगल्यांची कॉलनी, नाव नाही सांगत. सोलापूरच्या उन्हात दगड तडकतो, पण तिथं दारोदार हिरवळ. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या कुत्र्याला अंगणात पाइपानं आंघोळ. शाम्पू लावून. पाणी मी सोडलेलं, आणि माझ्या घरी मी दोन तांबे डोक्यावर ओतून बाहेर पळायचो. मी त्या कुत्र्यावर जळलो. कुत्र्याला ते कळायचं. मला बघून भुंकायचं नाही, नुसतं अंग झटकायचं.

कॉलनीचा माळी इराण्णा, माझा दोस्त. त्याला सोसायटीनं गमबूट दिले होते. गुलाबाला पाणी घालायला गमबूट! मी दिवसभर चिखलात, चपलेवर. एक दिवस तो झाडाखाली जेवायला बसला, बूट काढून ठेवलेले. मी गुपचूप घालून बघितले. गेले. पण निघेनात. मी चावीला धरून उभा, इराण्णा माझा पाय धरून ओढतोय. शेवटी बूट निघाला आणि मी मागच्या मागं गुलाबात पडलो. काटे महादेवीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सुईनं काढले.

इराण्णा म्हणाला, "मागितला असता तर दिलो असतो की, येड्या."

मागायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

असा मी. आता दिवाळीचं सांगतो, म्हणजे शालीचं कळेल.

दिवाळीच्या तोंडावर कॉलनीचं पाणी बंद पडलं. व्हॉल्व्ह अडकला होता. चावी बसवावी तर बसेना, कारण चेंबर काठोकाठ भरलेलं. त्या भागाला गटार नाही. प्रत्येक बंगल्याला संडासाची टाकी, आणि टाक्या भरल्या की पाझरून सगळं उतारानं चेंबरात येतं. वरनं बघितलं तर काळं, स्थिर पाणी. त्यात आभाळ दिसायचं. छान दिसायचं, लांबनं.

मालक गाडीतनं आला. काच खाली करून म्हणाला, "उतर."

"मालक, पानी लई हाय. उपसून घेऊ या का? पंप मिळतोय भाड्यानं."

"उपसत बसलाव तर दिवाळी इथंच. उतर की. किती टाइम लागतोय?"

मी नवी पँट घातली होती. दिवाळीची. ती काढून घडी करून झाकणावर ठेवली. आत पट्ट्यापट्ट्याची चड्डी. वरच्या गच्च्यांवर बायका आकाशकंदील लावत होत्या, त्यांनी माना फिरवल्या. मी म्हटलं, बघा बाई, कंदील काय दरवर्षी लावताच.

आणि उतरलो.

छातीपर्यंत पाणी. व्हॉल्व्ह खाली, पायाच्या पातळीला. म्हणजे वाकायचं. म्हणजे तोंड आत. श्वास धरला, डोळे मिटले, वाकलो. हाताला चिंध्या लागल्या, विटेचा तुकडा लागला, आणखी काय काय लागलं त्याला नाव नको. ओढलं. वर आलो. परत वाकलो. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, व्हॉल्व्ह फिरवून, वर आलो तेव्हा हवा होती, पण ती आत जाईना. हात माझे राहिले नाहीत. कुणीतरी डोक्यात कापूस भरावा तसं झालं. मला वाटलं बसावं जरा. त्या पाण्यात. खरंच तसं वाटलं, जरा बसावं.

इराण्णानं मला केसाला धरून वर ओढलं. मग बगलेला धरून. रस्त्यावर टाकलं. मी ओकत होतो तेवढ्यात कुणाच्या तरी गच्चीवर टाकीत पाणी पडायचा आवाज आला. मग दुसऱ्या. मग सगळ्या. कॉलनीत आनंद झाला.

मालकानं माझी चावी उचलून हातात घेतली आणि चेंबरच्या कडेला उभा राहून फोटो काढून घेतला.

मी इराण्णाला म्हटलं, जरा पाइप लाव माझ्या अंगाला. चेअरमनबाई गॅलरीतनं म्हणाल्या, "आंघोळ करू दे त्याला, पण इथं नको हं. वास बसतो."

पाणी सोडणारा मी, पँट हातात धरून सायकलवरनं घरी गेलो. चड्डीवर. दिवाळीच्या बाजारातनं. एक पोलीसमामा नुसता बघत राहिला. त्यालाही कलम सुचलं नसावं.

मग ताप. दिवाळी अंथरुणात. लेकरं कोपऱ्यात, महादेवी उशाशी बसलेली. रडली नाही, ती रडत नाही. एवढंच म्हणाली, "तुमी तितंच ऱ्हायला असता, तर मला सांगायला कोन आलं असतं? त्यास्नी तुमचं नाव तरी ठाव हाय का?"

मी म्हटलं, "नाव कशाला लागतंय? चावी वळखतेत की."

मीच हसलो. ती नाही हसली.

आता सव्वीस जानेवारी. आदल्या दिवशी चेअरमनसाहेब मला म्हणाले, "उद्या ये. कार्यक्रम आहे. पाण्याचं काम झालं त्याचा सत्कार आहे. स्वच्छ कपडे घालून ये."

तुम्हीच सांगा, माणसानं याचा अर्थ काय घ्यायचा?

मी घ्यायचा तोच घेतला. शर्टाला इस्त्री केली. शेजाऱ्यांना सांगितलं. पलीकडच्या गल्लीत माझा साडू राहतो, तो एका कारखान्यात कायम नोकर आहे, त्याला तर मुद्दाम जाऊन सांगितलं. आयुष्यभर मी त्याच्यावर जळलो, एक दिवस त्यानं जळावं म्हणून. महादेवी म्हणाली, मीपण येते. मी म्हटलं, फोटो दाखवतो की. नशीब माझं, ती आली नाही.

झेंडावंदन झालं. मंडपात मोठं फ्लेक्स लावलेलं. त्यावर मालकाचा फोटो, हातात माझी चावी, नजर लांब कुठंतरी. मीही आहे त्या फोटोत. खालच्या कोपऱ्यात, जमिनीवर, एक काळं गोल काहीतरी दिसतं. ते माझं डोकं. नीट बघितलं तर कान दिसतो.

मला ताट दिलं. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. "हे धर आणि इथं उभा राहा," म्हणाले. मी उभा राहिलो. मला वाटलं, पद्धत असेल. ज्याचा सत्कार त्यानंच ताट आणायचं. मी कधी कुणाचा सत्कार जवळनं बघितलाय?

एक निवृत्त गुरुजी माइकवर बोलत होते. काय शब्द होते! "ज्यांनी आपल्या जिवाची पर्वा केली नाही, ऐन दिवाळीत जे स्वतः त्या घाणेरड्या चेंबरमध्ये उतरले, आणि आपल्या घराघरात गंगा आणली..."

उतरलं कोण होतं? मी. दुसरं कुणी उतरलंच नव्हतं. हिशोब सरळ होता. माझे डोळे भरून आले. कुणीतरी येऊन शाल घालेल म्हणून मी मान वाकवली. कुणी येईना. सगळे माझ्याकडं बघतायत. मला वाटलं, ताट माझ्याच हातात आहे, त्यांना घेता येत नसेल. उगाच लोकांना खोळंबा नको. मी ताट एका हातावर पेललं, दुसऱ्या हातानं शाल उचलली आणि घातली खांद्यावर.

ऊबदार होती.

"अरे, अरे, तू नव्हे! तू ताट धर!"

चेअरमनसाहेब धावत आले. पुढचं सांगितलंच. झटकली. दोनदा.

आणि मी हसत होतो. हे लिहायला हात जड होतोय, पण लिहितो. सगळ्यात मोठं हसू माझंच होतं.

नाश्त्याच्या वेळी एक सज्जन गृहस्थ माझ्याजवळ आले. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. नाव काय आपलं?" मला बरं वाटलं. नाव सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवायला हात उचलला. "आडनाव?" तेही सांगितलं. तो हात अर्ध्यात थांबला, हवेत जरा रेंगाळला आणि त्यांच्याच खिशात गेला. "बरं बरं," म्हणाले, "शिरा घ्या."

घरी आलो. साडू दारात बसलेला, फोटो बघायला. त्याला सांगितलं, शाल जड होती, ठेवून आलो तिथंच. तो गेल्यावर महादेवीला खरं सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "तुमी काय केलाव?"

"हसलो."

"का?"

"समदे हसत हुते म्हनून."

ती उठून आत गेली. भांडी घासायला लागली. सकाळी घासलेलीच भांडी होती ती.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला अपमान कळला नाही. हेवा कळला. शाल पाहिजे होती मला. ठेकेदाराच्या खांद्यावरची तीच शाल, मरून रंगाची, काठाला सोनेरी रेघ असलेली. ती डोळ्यापुढनं हलेना. पगार झाला तशी मी नवी पेठेत गेलो. गर्दीत दुकान गाठलं, म्हटलं शाल दाखवा. दुकानदारानं विचारलं, "पांघरायची का सत्काराची?"

"फरक काय असतोय?"

"पांघरायची ऊब देते. सत्काराची नुसती दिसते. ती कोण पांघरत न्हाय ओ. यानं त्याला घालायची, त्यानं तिसऱ्याला. काही शाली तर माझ्या दुकानात परत येतेत."

"पण माझ्या अंगावर ऊबदार वाटली हुती."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमाला थंडी असंल," म्हणाला.

मी काहीच न घेता परत आलो. पण हेवा काही दुकानात सोडून आलो नाही. तो तसाच राहिला, मे महिन्यापर्यंत.

मे महिना. चेअरमनसाहेबांनी बंगल्यावर मजला चढवला होता, त्याची वास्तुशांती. दारात मांडव, पाहुण्यांच्या गाड्या. त्याच दिवशी कॉलनीची पाण्याची पाळी. आणि त्याच दिवशी व्हॉल्व्ह पुन्हा अडकला. चेंबर पुन्हा भरलेलं, ऊन डोक्यावर, वास असा की झाकण उघडलं आणि चिमण्या उडाल्या.

तेवढ्यात एक गाडी आली. पाहुणे येणार, संडासाची टाकी भरलेली, म्हणून चेअरमनसाहेबांनी मैला ओढायची गाडी बोलावली होती. मागं मोठा गोल टँक, त्याला जाड पाइप. गाडीवाला उतरला. हातात रबरी मोजे, पायात बूट. त्यानं टाकीचं झाकण उघडलं, पाइप आत सोडला, बटण दाबलं. मशीन गुरगुरायला लागलं. आणि तो सावलीत जाऊन चहा प्यायला लागला.

मी बघत राहिलो. पाइप आत, माणूस बाहेर. पाइप गटागटा ओढतोय, माणूस बशीत चहा ओतून फुंकर मारतोय.

मला त्या पाइपाचा हेवा वाटला.

हसू नका. म्हणजे हसा, मीपण हसलोच आधी. कुत्र्यावर जळून झालं, बुटावर झालं, शालीवर झालं, आता पाइपावर आलो. म्हटलं, किती खाली जाशील रे? आणि तिथंच हसू थांबलं. कारण टाकी त्यांच्या घरातली. घाण त्यांच्या घरातली. घरातल्या घाणीला मशीन लावलं. तीच घाण कुंपणाबाहेर पाझरून माझ्या चेंबरात आली, की तिला माणूस. घर आणि रस्ता यांच्यामध्ये एक भिंत होती फक्त. भिंतीच्या आत पंप होता. बाहेर मी होतो.

दिवाळीत मी पंप मागितला होता. भाड्यानं मिळतो म्हणालो होतो. ते ऐकून मालकानं मला पाण्यात पाठवलं, कारण मी पंपापेक्षा स्वस्त पडतो. मी बंद पडलो तर दुरुस्तीही नाही.

"ए चावीवाला! बघतोस काय? उतर लवकर. पूजा सुरू होतेय, नळाला थेंब नाही."

चेअरमनसाहेब फाटकात उभे. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध. मागं चार पाहुणे.

मी म्हटलं, "साहेब, तुमचं झालं की ही गाडी जरा हितं लावा. पानी ओढून घेऊ, मग उतरतो."

गाडीवाला लांबनंच म्हणाला, "मेरेकू क्या, बोले तो लगातूं साब. पाइप पोचता उधर."

"काही गरज नाही," चेअरमनसाहेब म्हणाले. "गाडी आमच्या टाकीसाठी बोलावलीय. रस्त्यावरचं चेंबर आमचं नाही."

"पन आतलं पानी तुमचंच हाय की साहेब. तुमच्याच टाकीचं."

"तोंड चालवू नकोस. दिवाळीत उतरला होतास ना? मग आज काय झालं?"

आईचा चिमटा मांडीला जाणवला. सुम्नीर. खरंच जाणवला. आणि तरीही तोंड उघडलं.

"दिवाळीत मी न्हाई उतरलो. मालक उतरले हुते. तुमच्याच माइकवर सांगितलं की. त्यास्नी बोलवा. शाल त्यांच्याकडं हाय."

एक पाहुणा दुसऱ्याला हळूच विचारत होता, कसली शाल? इराण्णा गुलाबाच्या मागं बसून खोकल्याचं नाटक करत होता.

चेअरमनसाहेबांचा चेहरा गंधापेक्षा लाल झाला. त्यांनी मालकाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यासमोर धरला, मला ऐकू यावं म्हणून. मालक ओरडत होता, "गप उतर! न्हायतर उद्यापासनं येऊ नको कामावर!"

"येनार हाय मालक. चावी फिरवनार हाय. पन ह्या पान्यात उतरनार न्हाय. आदी पंप लावा. दोरी द्या, बूट द्या, वर एक माणूस उभा करा. मग सांगा."

"तू कोन लागून गेलास रे?"

"दिवाळीत मरता मरता ऱ्हायलो, तो."

फोन कट झाला.

मी झाकण ओढून चेंबरावर टाकलं आणि त्यावर बसलो. लोखंड तापलेलं. बूड भाजलं, म्हणून लगेच उठलो. आता एवढं सगळं बोलल्यावर असं टुणकन उडणं शोभत नाही, म्हणून चप्पल काढून खाली घातली आणि परत बसलो. क्रांतीला पण बसायला काहीतरी लागतं.

गाडीचं काम झालं. पाइप गुंडाळून गाडी माझ्यासमोरनं निघून गेली. थोड्या वेळानं टेम्पो आला, त्यात पिण्याच्या पाण्याचे जार. मग टँकर आला. दोन्ही आले. पंपाचा पाइप पोचत होता, तेवढा एक लावला नाही. बायका गॅलरीतनं बोलत होत्या, "माज आलाय मेल्याला." दिवसभर बोलत होत्या. मी ऐकत होतो. आणि गंमत बघा, पोटात दुखत नव्हतं. एवढा मांडव, एवढ्या गाड्या, वरचा नवा मजला, जिलेबीचा वास. काहीच नको वाटत होतं त्यातलं. मला जे पाहिजे होतं ते मी तोंडानं मागितलं होतं. त्यांनी नाही म्हटलं होतं. आता ते त्यांच्या माथी होतं.

संध्याकाळी चावी तिथंच ठेवून घरी आलो, महादेवीला सांगितलं. तिनं विचारलं, "काम गेलं?"

"गेल्यागत हाय."

"हसलाव का आज?"

"न्हाई."

"जेवा," म्हणाली, आणि ताट वाढलं. मी जेवताना ती समोर बसून राहिली. काम गेलेल्या नवऱ्याकडं बायका बघतात तसं बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तरीही गेलो. बघतो तर मालकाची गाडी उभी आणि चेंबराशी एक माणूस. बार्शीकडचा. दत्तू नाव, माझ्याच वयाचा, कामाच्या शोधात आलेला. त्याच्या हातात माझी चावी.

माझी चावी! दांड्याचा रंग माझ्या तळहातानं गेलेला. ती दुसऱ्याच्या हातात बघून मी जो जळलो, तसा आयुष्यात जळलो नव्हतो. मनात आलं, घसरू दे ह्याची चावी. पडू दे तोंडावर. कळू दे त्यास्नी माझी किंमत.

दत्तूनं चावी कुंपणाला टेकवली. शर्ट काढला, नीट घडी केली आणि चपलांवर ठेवला. नवा शर्ट होता.

ती घडी बघितली आणि माझे पाय आपोआप चालायला लागले.

"उतरू नगं."

त्यानं वर बघितलं. "तुमी कोन?"

"कालपातुर ही चावी माझ्याकडं हुती."

"मग तुमी का न्हाई उतरला?"

"उतरलो हुतो एकदा. म्हनून सांगतोय. खाली हवा न्हाई. बसावंसं वाटतंय तितं."

"मला काम पायजे ओ. लेकरं हायती घरी."

"माझीबी हायती. त्यांचा बाप पायजे त्यास्नी. पंप माग. काम नको म्हनू नगं, पंप माग."

मालकानं काच खाली केली. "ए! त्याच्या नादी लागू नको. उतर!" मग हॉर्न. लांबलचक हॉर्न. फाटकात चेअरमनसाहेब. गॅलरीत बायका. मी चेंबराच्या तोंडावर दोन्ही पाय फाकवून उभा राहिलो. खाली काळं पाणी, दोन पायांच्या मध्ये.

दत्तू उतरला नाही. त्यानं शर्टही घातला नाही. उघड्या अंगानं कडेला बसला आणि मालकाकडं बघून, मान खाली घालून, पण ऐकू जाईल असं म्हणाला, "मालक, पंप आना."

मालकानं गाडी वळवली आणि गेला.

हे लिहितोय तेव्हा काम नाही. दत्तूलाही परत बोलावलं नाही. तिसरा आणतील, मला माहीत आहे. शहरात कामाला मोताद झालेली माणसं कमी नाहीत, आणि त्यातला प्रत्येक जण माझ्यासारखा गप बसायला शिकूनच आलेला असतो. म्हणून मी रोज सकाळी तिथं जातो. आता दत्तूही येतो. जो कोणी चावी घेऊन येईल त्याला आम्ही सांगणार. ऐकलं नाही तर वाट अडवून उभे राहणार. ढकललं तर परत उभे राहणार.

सत्कार नको. माइकवर नाव नको. कुणाची दया तर नकोच नको. पंप येईपर्यंत ह्या भोकात माणूस उतरणार नाही. मी नाही, दत्तू नाही, उद्या येणारा नाही.

पाणी पाहिजे ना तुम्हाला? आधी हे पाणी काढा.